विशेष गरजा असलेल्या मुलांच्या कायद्यात काय बदललंय हे शाळेतल्या बाकी शिक्षकांना कसं समजावून सांगू?

तुमचा प्रश्न वाचला. कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातली सरकारी मराठी शाळा, पुढच्या समालोचना सभेत (आसपासच्या शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीत) सीआरपींनी, म्हणजे केंद्राच्या साधनव्यक्तींनी, तुम्हाला अर्धा तास बोलायला सांगितलंय, हातात एक कन्नड परिपत्रक आणि मोबाइलवर इंग्रजी कायद्याची पीडीएफ, आणि समोर बसणार सगळे आपलेच सहकारी, त्यातल्या निम्म्यांचं यूडायस (शाळेची ऑनलाइन माहिती) भरायचं राहिलेलं आणि उरलेल्यांना शेवटची बस पकडायची. मी याच जिल्ह्यात समावेशक शिक्षणाचं काम करते, आधी बरीच वर्षं मराठी शाळेतच शिकवत होते, आता मराठी आणि कन्नड दोन्ही शाळांत जाणं असतं. तर काय बोललं की लोक मान वर करतात आणि काय बोललं की मोबाइल काढतात, ते सांगते.

कलमं ओळीनं वाचून दाखवू नका, तिथंच सभा संपते. आणि दंड-शिक्षेपासूनही सुरू करू नका, कारण घाबरलेला हेडमास्तर काय करतो तर असल्या मुलाचं नावच दाखल करून घेत नाही, 'तुमच्या पोराला बेळगावात स्पेशल शाळा बरी' म्हणून पालकाला गोड बोलून वाटेला लावतो. माझं म्हणाल तर अर्ध्या तासात एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात घालायची, ती म्हणजे चाळीस टक्के. आपल्याकडं मी कुठल्याही शाळेत गेले की पहिलं वाक्य हेच ऐकते, 'मॅडम, त्याच्याकडं सर्टिफिकेट नाही, आम्ही काय करणार?' किंवा 'सर्टिफिकेट आहे हो, पण तीसच टक्के आहे.' सगळी गाडी इथं अडते.

हे चाळीस टक्के आले कुठनं ते आधी सांगा, कारण शिक्षक काही मनानं ते बोलत नाहीत. 1995 चा जो जुना अपंग व्यक्ती कायदा होता त्याच्या व्याख्येतच तसं लिहिलेलं होतं, डॉक्टरनं निदान चाळीस टक्के अपंगत्व आहे असा दाखला दिला तरच ती व्यक्ती कायद्यापुरती अपंग. प्रकारही सातच, अंधत्व, कमी दृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, ऐकण्यातला दोष, हातापायाचा दोष, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. आपल्यातले जे पन्नाशीच्या पुढचे गुरुजी आहेत त्यांनी ट्रेनिंगला हेच शिकलंय, परीक्षेला लिहिलंय, त्यामुळं ते डोक्यात पक्कं बसलंय. मग 2016 साली दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला, 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला, आणि जुना रद्द झाला. नव्यात प्रकार 21 झाले, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, वाचन-लेखन-गणितातली विशिष्ट अध्ययन अक्षमता, बोलण्या-भाषेतली अडचण, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, अगदी थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेलसुद्धा त्यात आहेत. हे 21 चं सगळ्यांना पाठ असतं, प्रत्येक ट्रेनिंगला पीपीटीवर असतंच. पण त्याच्याखाली जे बदललं ते पीपीटीत येत नाही, की नव्या व्याख्येत टक्केच नाहीत. दीर्घकाळ टिकणारी शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा इंद्रियांची उणीव, आणि आजूबाजूच्या अडथळ्यांमुळं त्या माणसाला इतरांच्या बरोबरीनं भाग घेता येत नसेल तर ती दिव्यांग व्यक्ती, एवढीच व्याख्या आहे.

चाळीस टक्के गेले नाहीत, ते वेगळ्या खान्यात गेले. त्याला आता बेंचमार्क अपंगत्व म्हणतात आणि ते ठराविक ठिकाणीच लागतं. 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क, कलम 31, तिथं बेंचमार्क लागतं. सरकारी आणि अनुदानित कॉलेजात निदान 5 टक्के राखीव जागा, कलम 32, तिथं लागतं. सरकारी नोकरीत 4 टक्के, तिथं लागतं. पण शाळेची कामं ज्यात सांगितलीत ते कलम 16 काढून बघा, त्यात बेंचमार्क हा शब्दच नाही. भेदभाव न करता प्रवेश द्या, खेळात आणि बाकी गोष्टींत सामील करून घ्या, इमारत आणि आवार वापरता येईल असं करा, त्या मुलाच्या गरजेप्रमाणं वाजवी सोय करा, अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखा आणि शिकवण्यात त्याप्रमाणं बदल करा, प्रत्येक मुलाची प्रगती बघत राहा. हे सगळं टक्के न विचारता. सभेत पडद्यावर एकच स्लाइड दाखवायची मुभा असेल तर मी ही दाखवीन, डाव्या बाजूला 'टक्के लागतात' आणि उजव्या बाजूला 'लागत नाहीत', बस्स.

कोणीतरी मागनं विचारेलच, 'पण त्यात सरकारनं प्रयत्न करावा असं लिहिलंय की, सक्ती कुठाय?' बरोबर आहे, कलम 16 ची सुरुवात तशी मऊच आहे, सरकार आणि स्थानिक संस्था प्रयत्न करतील की त्यांनी अनुदान दिलेल्या किंवा मान्यता दिलेल्या सगळ्या शिक्षणसंस्थांनी हे हे करावं. पण तुम्ही म्हणा, मान्यता दिलेल्या सगळ्या. म्हणजे सरकारी, अनुदानित, विनाअनुदानित, भाषिक अल्पसंख्याक, आपल्या मराठी संस्थांच्या शाळा, कोणीही बाहेर नाही. आणि भेदभाव करायचा नाही हे तर कलम 3 मध्ये वेगळं आणि कडक लिहिलंय.

वाजवी सोय म्हणजे काय याच्यावर मात्र वेळ द्या, लोकांना वाटतं लिफ्ट बसवायला सांगतायत. कायद्यातच म्हटलंय की ज्याचा शाळेवर अवाजवी बोजा पडणार नाही असा गरजेचा आणि योग्य बदल. एका शाळेतलं सांगते, नाव नको. सहावीचा वर्ग माडीवर, आणि त्यात एका मुलाचे स्नायू दर वर्षी कमजोर होत चाललेले, आई रोज सकाळी त्याला काखेत धरून जिना चढवायची आणि दुपारी बिसियूटला, म्हणजे शाळेच्या जेवणाला, खाली आणणं जमायचं नाही म्हणून ताट वरच यायचं, तो एकटाच जेवायचा. शाळेनं दोन वर्षं रॅम्पच्या निधीसाठी पत्रव्यवहार केला, फाइल चांगली जाडजूड झाली होती. तिसरीचा वर्ग खाली होता. तिसरी वर नेली आणि सहावी खाली आणली, एका शनिवारी बाकं उचलली पोरांनीच. बाई, हीच वाजवी सोय. त्या मुलाकडं त्या वेळी अपंगत्वाचं कार्ड होतं की नव्हतं हा प्रश्नच नव्हता. (आणि रॅम्पचा पत्रव्यवहार बंद करू नका असंही मी त्यांना सांगितलं, तो सरकारचा वाटा आहे, तो त्यांनी द्यायलाच पाहिजे.)

आता आपल्या भागाचा खास विषय, जो बेंगळूरच्या ट्रेनिंगमध्ये कोणी काढत नाही. आपली पोरं तीन लिप्या एकदम शिकतात. घरी मराठी, शाळेत देवनागरी, 2015 च्या कन्नड भाषा कलिका कायद्यामुळं कन्नड पण सगळ्या शाळांत सक्तीचं, आणि इंग्रजी आहेच. मग चौथीत एखादं पोर अडखळायला लागलं की दोन प्रकारच्या चुका होतात आणि दोन्ही मी बघितल्यात. एक म्हणजे कन्नडच्या सरांना वाटतं हा स्लो लर्नर, त्याचं नाव दिव्यांगाच्या रकान्यात टाका. आणि दुसरी उलटी, खरंच अध्ययन अक्षमता असलेल्या पोराला 'आमची मराठी पोरं हो, कन्नड येत नाही म्हणून मागं पडलाय' म्हणून सोडून देतात ते थेट दहावीपर्यंत.

यात फरक कसा करायचा तर मुलाला त्याच्या मजबूत भाषेत तपासा. मराठीच्या पुस्तकातला, वर्गात न झालेला एक उतारा द्या. जो मुलगा मराठी सरसर वाचतोय, समजून उत्तर सांगतोय, आणि फक्त कन्नडच्या ओत्तक्षराला (जोडाक्षराला) थांबतोय, त्याला सराव कमी आहे, त्याला अपंगत्व नाही. पण जो मराठीतसुद्धा 'पाऊस' ला 'पास' वाचतो, ओळ सोडून खालच्या ओळीवर जातो, फळ्यावरचं वहीत उतरवताना अक्षरं गाळतो, आणि तोच मुलगा गोष्ट ऐकवली की सगळ्यात आधी आणि सगळ्यात चांगलं उत्तर देतो, त्याच्याकडं नीट बघा. मुलगा हुशार आहे आणि कागद मात्र कोरा, असं दिसलं की माझे कान टवकारतात. अर्थात आधी डोळे आणि कान तपासून घ्या, चष्म्याचा नंबर निघून प्रश्न मिटल्याचीही उदाहरणं आहेत.

2018 च्या केंद्राच्या मूल्यांकन नियमांत (2024 मध्ये ते नव्यानं काढलेत) हे ओळखायचं पहिलं काम वर्गशिक्षकावरच दिलं होतं, तिसरीत किंवा आठ वर्षं वयाला चाळणी करायची, आणि त्यासाठी शाळेत मुख्याध्यापकाच्या हाताखाली समिती. तुमच्या सभेतल्या किती जणांना हे माहीत आहे ते हात वर करायला सांगून बघा, मजा येईल. या अक्षमतेचा दाखला आठव्या वर्षी, चौदाव्या वर्षी आणि अठराव्या वर्षी परत परत तपासायचा असतो, अठराव्या वर्षीचा कायमचा. म्हणजे सहावीत मिळालेल्या दाखल्यावर दहावीला निवांत बसू नका, मधे चौदावं वर्ष येतं आणि ऐन एसएसएलसीच्या तोंडावर धावपळ होते. चाळणीसाठी एनसीईआरटीचं प्रशस्त नावाचं ॲप आहे, त्यातल्या पहिल्या भागाचे प्रश्न साध्या शिक्षकानं भरायचेत, पुढचा भाग स्पेशल टीचरनं. तुम्ही डॉक्टर नाही, निदान करायचं नाही, 'याला डिस्लेक्सिया आहे' असं पालकाला बोलून मोकळं व्हायचं नाही, जे दिसलं ते लिहायचं आणि बीआरसीत (तालुक्याच्या साधन केंद्रात) बीआयईआरटीकडं, म्हणजे समावेशक शिक्षणाच्या तालुका शिक्षकाकडं, पाठवायचं. पुढं जिल्हा हॉस्पिटलला तपासणीला जाताना मूल मराठी माध्यमाचं आहे हे चिठ्ठीत ठळक लिहा आणि सोबत मराठीचं पुस्तक आणि वही पाठवा, नाहीतर तिथं बसलेल्यांना मुलाचं वाचन कन्नडवरनं जोखायचा मोह होतो.

परीक्षेचं. पालक आणि हायस्कूलवाले सगळ्यात जास्त हेच विचारतात. कलम 17 मध्ये स्वच्छ लिहिलंय की अभ्यासक्रमात आणि परीक्षेत योग्य बदल करायचे, जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेतून सूट. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला निदान 20 मिनिटं जादा सांगितली होती, म्हणजे तीन तासांच्या पेपरला तासभर. मग सुप्रीम कोर्टाचा फेब्रुवारी 2021 चा विकास कुमार विरुद्ध यूपीएससी हा निकाल आला, त्या मुलाला लिहिताना हात आखडायचा पण चाळीस टक्क्यांचा दाखला नव्हता म्हणून लेखनिक नाकारला होता, कोर्ट म्हणालं की लेखनिक ही वाजवी सोय आहे, ती बेंचमार्कला बांधता येत नाही. त्यावरनं ऑगस्ट 2022 मध्ये केंद्रानं चाळीसच्या खालच्यांसाठी पण सूचना काढल्या, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये गुलशन कुमारच्या निकालात कोर्टानं परत तेच ठासून सांगितलं. हे निकाल मोठ्या भरती परीक्षांचे आहेत, आपल्या पोराचा अर्ज केएसईएबीच्या (कर्नाटकच्या परीक्षा मंडळाच्या) त्या त्या वर्षीच्या परिपत्रकाप्रमाणंच जाणार, दाखलेही त्यात सांगितलेलेच जोडायचे, पण 'चाळीस नाही तर अर्जच करायचा नाही' असं म्हणून शाळेनं स्वतःच दार लावायचं नाही. अर्ज परीक्षा फॉर्मच्या वेळेलाच करा. मार्चमध्ये हॉल तिकीट हातात आल्यावर पालकाला घेऊन डीडीपीआय ऑफिसला (जिल्ह्याच्या शिक्षण उपसंचालकांकडं) जाणारे हेडमास्तर मी बघितलेत, तिथनं काय उत्तर येणार ते तुम्हीच समजा. आणि लेखनिक आयत्या वेळी उभा करू नका, खालच्या वर्गातला असावा, मराठी नीट लिहिणारा असावा, दोघांची घटक चाचणीपासनं जोडी बसलेली असावी. सांगणाऱ्याला पण सांगायची सवय लागते, नाहीतर मूल तोंडानं भराभरा बोलतं आणि लिहिणारा अर्ध्यातच अडकतो.

भाषेतून सूट घेण्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे, पटलं नाही तर सोडून द्या. मराठी शाळेत सूट म्हटलं की सगळ्यांची नजर आधी कन्नडवर जाते. पण मूल कर्नाटकातच राहणार असेल तर पुढं सरकारी नोकरीला कन्नड लागतंच, दहावीला कन्नड नसलेल्याला वेगळी कन्नड परीक्षा द्यावी लागते. त्यामुळं आधी जादा वेळ, लेखनिक, तोंडी परीक्षा यानं भागतंय का बघा, आणि मग पालकाला दोन्ही बाजू सांगून त्यांना ठरवू द्या. शाळेनं निकालाची टक्केवारी सांभाळायला परस्पर सूट घेणं मला अजिबात पटत नाही.

आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याबद्दल एवढंच. 2012 च्या दुरुस्तीनं दिव्यांग मुलं वंचित गटात धरली आणि बहुविकलांग किंवा तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिक्षण घ्यायचा हक्क दिला. हक्क मुलाचा. तो वापरायचा की नाही हे घरच्यांनी ठरवायचं, शाळेनं नाही. 'घरीच ठेवा की वैनी, आम्ही हजेरी लावतो' हे वाक्य ज्यांच्या तोंडी असतं त्यांच्यासाठी ही ओळ सभेत दोनदा वाचा.

स्पेशल टीचर कुठायत हा प्रश्न येणारच आणि तो रास्तच आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात सुप्रीम कोर्टानं दिव्यांग मुलांसाठी प्रमाण ठरवायला सांगितलं, जून 2022 मध्ये केंद्रानं ते अधिसूचित केलं, प्राथमिकला 10 मुलांमागं एक विशेष शिक्षक, उच्च प्राथमिकला 15 मागं एक. मार्च 2025 मध्ये कोर्टानं परत राज्यांना बजावलं, पदं मंजूर करा, जाहीर करा. आणि आपल्याकडं अख्ख्या तालुक्याला बीआयईआरटी म्हणून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं, कणकुंबीकडच्या शाळेत पावसाळ्यात पोचायचं म्हणजे त्यांचा दिवस त्यातच जातो. तक्रार करा, जरूर करा, एसडीएमसीचा (शाळा समितीचा) ठराव करून बीईओंना, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांना, द्या. फक्त ते येईपर्यंत मुलाला मागच्या बाकावर रंगवायला देऊन बसवायचं, हे कायद्यात बसत नाही.

शिक्षेचं शेवटी दोन मिनिटांत उरका. नियम मोडला तर पहिल्या वेळी 10 हजारांपर्यंत दंड, परत मोडला तर 50 हजार ते 5 लाख, हे कलम 89. आणि कलम 92 प्रमाणं चारचौघांत दिव्यांग व्यक्तीचा मुद्दाम अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. 'ए मंद', 'ए लंगड्या' अशा हाका स्टाफरूममध्ये अजून ऐकू येतात, कोण मारतं ते सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळं हे वाचताना कोणाकडं बघायची गरज पडत नाही.

कार्डाचं राहिलं, आणि सीमेवर याचा घोळ फार. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, हे कार्ड देशभर चालतं, दाखला देशभर वैध हे कायद्याच्या कलम 58 मध्येच आहे. त्यामुळं आई चंदगडची, मूल आजोळी वाढलं, कार्ड कोल्हापूर जिल्ह्यातनं निघालं आणि आता शाळा खानापूर तालुक्यात, तरी ते कार्ड चालतं, 'हे महाराष्ट्राचं आहे, इथलं आणा' असं शाळेनं म्हणायचं नाही. राज्याची पेन्शन वगैरे वेगळा विषय, त्याला त्या राज्याचे रहिवासी नियम लागतात. कार्डावरचा पट्टा बघून लोक घाबरतात म्हणून तेही सांगा, पांढरा म्हणजे चाळीसच्या खाली, पिवळा चाळीस ते ऐंशीच्या आत, निळा ऐंशी आणि वर. पांढरं कार्ड आलं की 'वाया गेलं' म्हणून पेटीत ठेवू नका, वर सांगितलेल्या शाळेच्या सोयींसाठी तोच पुरावा आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये नियम बदललेत, दाखला द्यायची मुदत एक महिन्याची तीन महिने झालीय, त्यामुळं अर्ज जूनमध्येच घाला. ऑनलाइन भरायला घरच्यांना जमत नसेल तर ग्रामपंचायतीचे व्हीआरडब्ल्यू (गावपातळीवरचे पुनर्वसन कार्यकर्ते) असतात, त्यांचं कामच ते आहे.

सभेत कशी सुरुवात करायची विचाराल तर प्रत्येकाला कोऱ्या कागदावर आपल्या वर्गातलं एक मूल लिहायला सांगा, नाव न लिहिता, फक्त काय जमत नाही आणि काय चांगलं जमतं. मग त्यातले तीन-चार कागद उचलून त्यांच्यावरच बोला, वरचं सगळं त्यात आपोआप येतं, आणि प्रश्न इतके येतात की अर्धा तास पुरत नाही. तुमच्या परिपत्रकात 'विशेष अगत्यतेयुळ्ळ मक्कळु' असं असेल तर ती हीच मुलं, आणि 'विकलचेतन' म्हणजे दिव्यांग. बाकी परिपत्रकातलं कुठलं कन्नड अडत असेल तर मुलांची नावं झाकून तेवढ्या पानाचा फोटो खाली टाका, संध्याकाळी मराठीत करून देते.